दाबून धरलेल्या बांगड्या

हे मी आजवर कुणाला सांगितले नाही — ज्यांच्यासोबत आयुष्य काढले, त्या यजमानांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे.

निजामाच्या अमदानीत माझे वडील परळीच्या कापूसबाजारात दाखला देत: हा कापूस याच मुलुखातला, परक्या आखूड धाग्याची भेसळ यात नाही. त्या दाखल्यावाचून कापसाची गासडी विलायतेच्या जहाजावर चढत नसे. पण आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि घराबाहेर ते कुणालाच ठाऊक नव्हते. शेतकरी नमुना घेऊन आमच्या घरी येत; त्यातला चिमूटभर ते पडद्याआड माझ्या हाती सरकवीत. मी धागा ओढून पाही. मग खुणेची बांगडी एकदा वाजली तर आपला. दोनदा वाजली तर परका. किती अभिमान होता मला या बोटांचा.

त्या माघात आबांच्या पोटदुखीसाठी मी पहाटे हरभऱ्याच्या रानात जाई. दवाने भिजलेल्या पानांवरून फडके फिरवायचे, मग पिळून आंब काढायची. त्या आंबट पाण्याने बोटांची साले निघाली होती. तशाच बोटांनी मी वडवणीच्या किसनचा कापूस चाचपला. खरखरीत लागला. बांगडी दोनदा वाजली.

"घरची सरकी पेरलेली हाय, आबा. परका कावून म्हनता?"

"बोटं खोटं बोलत नसतात," आबा म्हणाले.

त्या दिवसापासून बाजार त्याला 'भेसळ्या' म्हणू लागला. त्याच्या गाडीशेजारी कुणी आपली गाडी सोडीना.

पंधरवड्याने तो पुन्हा आला — मुळासकट उपटलेली पऱ्हाटी घेऊन. दाखला नको, म्हणाला, हे झाड तेवढे पाहा. आबांनी बोंड खुडून पडद्याआड दिले. तोवर माझी बोटे भरून आली होती. धागा निघाला — लांब, रेशमासारखा, सरकीपाशी अजून उन्हाची ऊब. एकदा वाजवायची होती बांगडी. एकदाच.

मी दुसऱ्या हाताने बांगड्या दाबून धरल्या.

का? आबांची जागा जाईल, डोळ्यांचे गुपित फुटेल — वर्षानुवर्षे मी स्वतःला हेच सांगितले. खरे नव्हते ते. माझी बोटे चुकली, हे मला सोसवेना — एवढेच.

आबा वाट पाहत राहिले. बाहेर बैलाची घुंगरे तेवढी वाजत होती. मग किसन म्हणाला, "असू द्या," आणि पऱ्हाटी उंबऱ्याशी ठेवून निघून गेला.

आबांनी हलकेच विचारले, काय होते गं ते?

"परकाच," मी म्हणाले.

वाळल्यावर ती पऱ्हाटी मीच चुलीत सारली. बोंडे आधी पेटली — आवाज न करता.