परत आलेल्या पुस्तकांचं टेबल

वाचनालयात मी पहिल्यांदा गेले ती पुस्तकांसाठी नाही, शांततेसाठी. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास घरी होत नव्हता. तापीकाठच्या आमच्या गावात केळीचा ट्रक भरायला लागला की ओट्यावर माणसं, चहा आणि मोठमोठ्याने बोलणं. पपईच्या दिवसांत तर फळं गुंडाळायला आणलेल्या रद्दीचे गठ्ठे माझ्या खोलीपर्यंत यायचे. आई म्हणायची, "तू बस ना कोपऱ्यात, तुला कोण हात लावतंय?" पण कोपऱ्यात बसलेल्या मुलीला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, काय करते सध्या.

म्हणून मी रोज बसने बाजाराच्या गावी जाऊ लागले. एसटी स्टँडच्या मागे सार्वजनिक वाचनालय आहे. बाहेरच्या खोलीत पेपर, आतल्या खोलीत पुस्तकं, वर अभ्यासाला बसायची जागा. तिथे कोणी काही विचारत नव्हतं. मला तेवढं पुरे होतं.

माझं सगळं शिक्षण शहाद्याच्या इंग्रजी शाळेत आणि नंतर इंग्रजीतूनच झालं. घरी आम्ही गुजरी बोलतो, बाजारात अहिराणी चालते, मराठी उरली ती शाळेतल्या एका तासापुरती. मी मराठी वाचायचे, पण हळू, जोडाक्षरापाशी थांबत. हे कोणाला कळू नये म्हणून मी मराठी पुस्तक नेहमी भिंतीकडे तोंड करून वाचायचे. आणि पुस्तक मागायचं म्हणजे लेखकाचं नाव माहीत हवं. मला एकाही लेखकाचं नाव खात्रीने घेता आलं नसतं.

पण मागावं लागतच नव्हतं. ग्रंथपालकाकांच्या खुर्चीसमोर एक छोटं टेबल होतं. लोकांनी परत केलेली पुस्तकं त्यावर पडलेली असायची, काही सरळ, काही पालथी, काही एकमेकांवर रेललेली. कपाटं काचेची आणि बंद. काका जागेवरून क्वचितच उठायचे. मी टेबलावरचं वरचं पुस्तक उचलायचे, काका नोंद करायचे, झालं. वाचून झालं की ते मी गठ्ठ्याच्या मधोमध सरकवून द्यायचे. मला ते आवडलं की नाही, हे कोणाला दिसायचं काही कारण नव्हतं.

बँकेची परीक्षा मी काही पास झाले नाही. मात्र त्या दोन वर्षांत मी जोडाक्षरांपाशी थांबेनाशी झाले. एक दिवस काका म्हणाले, "ग्रंथालयाचा छोटा अभ्यासक्रम असतो, करून टाक. माझ्यानंतर इथे कोणीतरी लागेल."

"मला बोलता येत नाही, काका," मी म्हणाले.

"आत्ता बोललीस की."

मी अभ्यासक्रम केला. पुढच्या उन्हाळ्यात काका गुडघे दाखवायला सुरतेला मुलीकडे गेले आणि तिथेच राहायचं ठरलं. वाचनालयाचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांनी मला बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, "तीन महिने बघू. सर्वसाधारण सभेत ठरवू. बेटा, तुला ज्ञान आहे, शिस्त आहे. पण ग्रंथपाल म्हणजे थोडा दुकानदारही असतो. गिऱ्हाइकाला हाक मारावी लागते."

घरी वडील म्हणाले, तीन महिने तर तीन महिने. नाही जमलं तर भाऊ सुरतेला आहे, तिथे क्लास लाव, पुन्हा परीक्षा दे. कोणी रागावलं नव्हतं. पण मला सुरतेला जायचं नव्हतं. मला त्याच खोलीत बसायचं होतं, फक्त टेबलाच्या या बाजूला. इतकी एखादी गोष्ट हवीशी वाटण्याची मला सवय नव्हती, त्यामुळे मी ते कोणाला सांगितलंही नाही.

पहिल्याच दिवशी मी टेबल स्वच्छ केलं. अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट ती: परत आलेलं पुस्तक ताबडतोब आपल्या जागी गेलं पाहिजे. वर्षानुवर्षांचा तो पसारा मी विषयवार लावला, लेखकवार लावला, कपाटांच्या काचा पुसल्या. नंतर कोणी पुस्तक परत केलं की त्याची पाठ वळायच्या आत ते कपाटात असायचं. टेबलावर मी धुतलेला टेबलक्लॉथ घातला. सर येऊन बघून गेले. "वा," म्हणाले.

मग माणसं कमी होऊ लागली.

आधी मला ते कळलं नाही. पेपर वाचणारे येत होते. त्यांत एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर होते. आयुष्यभर अक्कलकुव्याच्या घाटात गाडी चालवलेली, त्यामुळे आवाज कायम इंजिनाच्या वरचा. ते दारातून आत डोकावायचे, टेबलाकडे बघायचे आणि म्हणायचे, "मॅडम, हाई वाचनालय शे का दवाखाना?" मी हसायचे. हसून झाल्यावर काय बोलायचं ते मला सुचायचं नाही, आणि तोवर ते पेपरकडे वळलेले असायचे.

बाजाराच्या दिवशी एक अंगणवाडीताई येतात. कापडी पिशवीत खाली भाजी, वर पुस्तक, म्हणून आमच्या पुष्कळ पुस्तकांना मेथीचा वास आहे. काकांच्या काळात त्या दोन-दोन पुस्तकं न्यायच्या. आता त्या यायच्या, पुस्तक परत द्यायच्या, माठातलं पाणी प्यायच्या, टेबलक्लॉथकडे बघत जराशा बसायच्या आणि रिकाम्या हाताने निघून जायच्या. मला वाटलं, माझ्यामुळे. मी काकांसारखी पोराबाळांची चौकशी करत नाही म्हणून. पुढच्या बाजारापर्यंत मी बसमध्ये मनातल्या मनात वाक्यं पाठ करत होते. अंगणवाडी कशी चाललीय? यंदा मेथी कशी आहे? त्या आल्या तेव्हा एकही वाक्य बाहेर आलं नाही.

सर महिनाअखेरीला नोंदी बघून गेले. या वेळी 'वा' म्हणाले नाहीत. "जरा बोलत जा त्यांच्याशी," एवढंच म्हणाले.

नंतरच्या बाजारी ताई पाणी पिऊन उठल्या तेव्हा मी खुर्चीवरून उठले. दार अडवल्यासारखी उभी राहिले आणि विचारलं, "ताई, पुस्तक नको?"

त्या चमकल्या. मग म्हणाल्या, "काय लेऊ, माय? काहीच उनं नही ना आज."

"आलं नाही म्हणजे? कपाटं भरलीयत. उघडून देऊ का?"

"त्या कपाटमाना?" त्यांनी काचेकडे असं बघितलं, जसं शिळ्या भाजीकडे बघतात. "त्या कोनी वाचतस नही, म्हनीसन त कपाटमा शेतस!"

मीही त्या काचेकडे बघितलं. मी विचार करत होते. कपाटात आहे म्हणजे कोणालाच नको आहे. टेबलावर आहे म्हणजे कालपर्यंत कोणाच्या तरी घरात होतं, कोणीतरी ते शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं. आणि मी स्वतः दोन वर्षं दुसरं काय करत होते? मीही कपाट कधी उघडायला सांगितलं नव्हतं.

मी सुरतेला काकांना फोन लावला. फोन करणं मला आवडत नाही, तरीही लावला.

"काका, परत आलेली पुस्तकं तुम्ही टेबलावर मुद्दाम ठेवायचात ना? लोकांना निवडता यावीत म्हणून?"

पलीकडे काका इतके हसले की त्यांना खोकला आला. "मुद्दाम कसलं! माझे गुडघे वाकत होते का? खालच्या कप्प्यात पुस्तक ठेवायला बसलो असतो, तर उठवायला चार माणसं बोलवावी लागली असती. साठत गेली, साठत गेली. मग लोकच त्यातून घ्यायला लागले. मी म्हटलं, बरंच झालं."

म्हणजे शहाणपण कोणाचंच नव्हतं. ते आपोआप घडलं होतं, आणि जे आपोआप घडलं ते मी नीटनेटकं करून मोडलं होतं.

मी टेबलक्लॉथ काढून घरी नेला. जी पुस्तकं मी आल्यापासून कपाटांत गेली होती ती आठवून आठवून बाहेर काढली आणि टेबलावर पसरली. आता नवीन परत आलेलं पुस्तक मी उचलत नव्हते. हे फार अवघड होतं. माझे हात आपोआप पुढे जायचे, मी ते मांडीवर ठेवायचे.

ड्रायव्हरकाकांनी बदल ओळखला. त्याच दुपारी ते एक जाडजूड कादंबरी परत घेऊन आले आणि टेबलावर ठेवली, पालथी. मुखपृष्ठ खाली. पुस्तक उचलायचं नाही असं मी ठरवलं होतं, सरळ करायचं नाही असं नव्हतं. मी ते सरळ केलं. त्यांनी माझ्यादेखत पुन्हा पालथं घातलं.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम. पालथंच ऱ्हाऊ द्या. आखो कोनी फसाले नको."

"फसायला म्हणजे?"

"म्हंजे काय? डोकं दुखाडं त्यानी मन्हं. इतलं मोठं पुस्तक, आन् शेवटले काय, त कोनीच कोनले भेटत नही!"

त्यानंतर आठवडाभर मी एकही पुस्तक सरळ केलं नाही, आणि मग टेबलाकडे नव्याने बघितलं. सरळ पुस्तकं जास्त होती. पालथी थोडी. पालथ्यांना कोणी हात लावत नव्हतं. एक पुस्तक अर्धवट उघडं, तंबूसारखं उभं केलेलं होतं. ड्रायव्हरकाकांना त्याचा अर्थ विचारला, तर म्हणाले, "मधला भाग बरा शे." हे कोणी कधी ठरवलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं. न बोलता माणसं एकमेकांना सांगत होती, हे घे, हे घेऊ नको. मी दोन वर्षं त्या टेबलावरून पुस्तकं उचलली आणि एकदाही हे वाचलं नव्हतं. माझं लक्ष पूर्ण वेळ मला कोणी बघत नाही ना, याकडे होतं.

माणसं हळूहळू परत येऊ लागली. पण सभा जवळ आली होती, आणि मी अजूनही गिऱ्हाइकाला हाक मारत नव्हते.

सभा वाचनालयातच झाली, बाहेरच्या खोलीत. सतरंजीवर सभासद, खुर्च्यांवर कार्यकारिणी, मी दाराशी उभी. आधी गळणाऱ्या छपरावर बोलणं झालं, त्याला बराच वेळ गेला. मग सर म्हणाले, "आता ग्रंथपालपदाचं. मुलगी प्रामाणिक आहे. मात्र वाचनालय बोलकं असावं, असं काही सदस्यांचं म्हणणं आहे. ही बोलत नाही." ते हे वाईट हेतूने म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघून जरा ओशाळल्यासारखेही झाले.

मी चपलांच्या ढिगाकडे बघत होते. मनात सुरतेची बस सुटत होती.

मागून अंगणवाडीताईंचा आवाज आला. त्या सभेला आल्यात हे मला माहीतही नव्हतं.

"सर, ती बोलत नही ते बरं शे! बोलाले घरमा भरपूर लोक शेतस. आठे आम्ही वाचाले येतस."

लोक हसले. ड्रायव्हरकाका म्हणाले, "आन् दवाखाना बंद व्हयना आते!" त्यावर जास्तच हसले. ते का, हे सरांना कळलं नाही, पण तेही हसले. मग मला म्हणाले, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मला पाठ केलेली सगळी वाक्यं आठवली. यंदा मेथी कशी आहे, हेसुद्धा. शेवटी बसमध्ये कधीच पाठ न केलेलं एक वाक्य बोलले.

"टेबल मोठं हवं."

"टेबल?"

"परत आलेल्या पुस्तकांचं. आता मावत नाहीत. खाली पडतात."

माझा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला असावा, कारण चपला घालून निघालेला एक जण थांबला. सरांनी एकदा आतल्या खोलीत डोकावून टेबल बघितलं. पुस्तकं खरोखरच कडेपर्यंत आली होती. ते परत येऊन बसले आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याला म्हणाले, "लिहा. सुताराला सांगायचं. माप ग्रंथपाल देतील."

मला कळायला एक क्षण लागला. ताईंना आधी कळलं. त्यांनी सतरंजीवरूनच माझ्याकडे बघून मान हलवली.

नवं टेबल सागाचं नाही, पण लांब आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहता येतं. ते आलं त्या आठवड्यात मी एक कादंबरी वाचून संपवली. इतकी आवडली होती की शेवटची पानं मी मुद्दाम पुरवून पुरवून वाचली. सवयीप्रमाणे हात गठ्ठ्याच्या मध्याकडे गेला. मी थांबले. खोलीत दोघंतिघं होती. मी ते पुस्तक टेबलाच्या मधोमध ठेवलं, सरळ, मुखपृष्ठ वर, सगळ्यांना दिसेल असं. कान तापले माझे.

बाजाराच्या दिवशी ताईंनी ते उचललं. "हाई कोनी ठेवं?"

"मी."

"चांगलं शे?"

"फार," मी म्हणाले.

त्यांनी ते पिशवीत मेथीवर ठेवलं. पुढच्या बाजारापर्यंत मी वाट बघत होते. ताई आल्या, पाणी प्यायल्या, पुस्तक काढलं आणि माझ्याकडे बघत बघत, सावकाश, टेबलावर पालथं घातलं.

मी मोठ्याने हसले. बाहेरच्या खोलीतून ड्रायव्हरकाकांनी पेपर खाली करून विचारलं, "काय व्हयनं?"

मी उठले, पुस्तक पुन्हा सरळ केलं आणि ताईंना म्हणाले, "बसा. मला सांगा, काय नाही आवडलं ते."