तेहतीस उरले तेव्हा

खांदा कॉलनीतल्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक डार्टबोर्ड टांगलेला आहे. नातीनं तो ऑनलाइन मागवला, आठवडाभर खेळली आणि कंटाळली. मग मी त्याला दत्तक घेतलं. गुडघ्यांनी माझी मासळीची पाटी सोडवल्यापासून मला उभं राहायला काही कारणच उरलं नव्हतं. आता सकाळचा चहा झाला की मी पदर खोचून रेषेवर उभी. तीन बाण फेकायचे, चालत जाऊन उपटून आणायचे, परत फेकायचे.

“आता गुडघे दुखत नाहीत का?” मुलानं एकदा विचारलं.

“दुखतात ना. पण आता कामावर दुखतात.”

तो हसला नाही. तो भिंतीकडे बघत होता. माझे चुकलेले सगळे बाण त्या भिंतीनंच झेलले होते.

“भिंतीला देवी आल्यात, आई. दिवाळीआधी रंगारी बोलावतोय. बोर्ड काढून टाकू.”

मी सांगितलं की मी स्पर्धेत नाव दिलंय. नवीन पनवेलच्या एका हॉलमध्ये व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा भरणार होती. बायकांच्या गटात फी भरेल तिला प्रवेश होता, वयाचं कुठं काही लिहिलेलं नव्हतं. मुलगा बंदरात नोकरीला आहे, अटी घातल्याशिवाय त्याचं पान हलत नाही.

“ठीक आहे. शेवटच्या चौघींत आलीस तर बोर्ड राहील. नाही तर रंगारी आला की उतरवायचा, आणि परत लावा म्हणायचं नाही.”

“चालेल.”

“आई, तिथं प्रोफेशनल येतात.”

“मग मी काय तुला हौशी दिसते?”

“आजी, तू साठ मारून वाकलेली बाई आहेस,” नात सोफ्यावरून म्हणाली.

ते खरं होतं. कॉलनीतल्या गणपतीत डार्टचे सामने ठेवले होते, तेव्हाची गोष्ट. या खेळात पाचशे एकपासून सुरुवात करायची आणि मारलेले गुण वजा करत खाली यायचं. शेवट बरोब्बर शून्यावर, आणि शेवटचा बाण बोर्डाच्या कडेच्या अरुंद पट्टीत बसला पाहिजे. तिथं आकडा दुप्पट होतो, त्याला डबल म्हणतात. जास्त मारलं तर ती पाळी फुकट, आकडा होता तिथंच परत. माझे पन्नास उरले होते आणि मी एका बाणात साठ मारले, आतल्या पट्टीत वीसचे तिप्पट. त्याहून मोठा आकडा बोर्डावर नाहीच. मी वळले, हात जोडले आणि मांडवाला वाकून नमस्कार केला. एकही टाळी पडली नाही. नात पुढं येऊन कानात म्हणाली, “आजी, फुकट गेले ते.”

“अगं, दहा वर घातले की.”

आता हे वर घालणं कुठून आलं ते सांगते. मी करंज्याची. लग्न होऊन पनवेलला आले आणि सासूबाईंच्या शेजारी बाजारात मासळी विकायला बसले. छोटी मासळी वाट्यांवर जाते. फळीवर ढिगल्या मांडायच्या, गिऱ्हाईक एक ढिगली उचलतं आणि म्हणतं, वर एक टाक. एखादा बोंबील वर पडतो, ती रीतच. पण तेव्हाची मी, बावीस वर्षांची ती बया, मागायच्या आधीच टाकायची. एक टाकायची, गिऱ्हाईक हसलं की दुसरा टाकायची, आणि कोणी “हात मोकळा हाय गो हिचा” म्हटलं की तिसरा. केसांत अबोलीचा गजरा, हातभर हिरव्या बांगड्या आणि डोक्यात वारं. आपण पनवेलच्या बाजाराची राणी आहोत असं तिला वाटायचं. राणीची पाटी सगळ्यांत आधी रिकामी व्हायची आणि ती रिकामी पाटी मिरवत घरी यायची.

“आगो, तू म्हावरा इकाला बसलीस का दान कराला?” सासूबाई विचारायच्या.

“लोक माझं नाव घेतात,” राणी म्हणायची.

“घेतील नाय तर काय. आमच्या घरचा खातान ते.”

ती बया अजून माझ्या हातात बसलेली होती. बोर्डासमोर उभी राहिले की तिला वीसच हवे, तेही तिप्पट. लोक “वा” म्हणतील ते हवं. तिला घेऊन मी शेवटच्या चौघींत जाणार नव्हते, हे मला ते साठ आठवले तेव्हाच कळलं.

म्हणून नातीला म्हटलं, मला बारीक आकडे शिकव. तिनं बोर्डावरच्या वीसच्या घरावर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला. “याला हात लावायचा नाही. शेजारच्या एकाला मार.” एक म्हणजे बोर्डावरचं सगळ्यांत गरीब घर. तिथं मुद्दाम कोणी जात नाही. मी रोज तिथंच गेले. बाण वीसमध्ये घुसून कागद फाटला की नात नवा लावायची आणि म्हणायची, “राणीसाहेब, खाली या.”

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरलेला होता. बायका मुंबईहून, पुण्याहून, गोव्याहून आलेल्या. पाठीवर नाव छापलेले शर्ट, बाण ठेवायला चष्म्याच्या घरासारख्या पेट्या. मी नऊवारी नेसून गेले होते आणि बाण रुमालात. गुण पुकारणारा माणूस माइकवर असा ओरडत होता की करंज्याच्या बंदरावर मासळीच्या लिलावात उभी असल्यासारखं वाटलं, त्यामुळे भीती निम्मी तिथंच गेली. पहिली पोरगी माझ्याकडे बघूनच घाबरली, आजीला हरवायचं कसं म्हणून. दुसरीशी झगडावं लागलं. तिसरा सामना जिंकला की शेवटच्या चौघींत.

समोर रोडपालीची मुलगी. हात असा शांत की बाण फेकते की ठेवते ते कळू नये. एक डाव तिनं घेतला, एक मी, तिसऱ्यावर सगळं. दोन डावांच्या मध्ये ती अगदी आदरानं म्हणाली, “आजी, खुर्ची देऊ का? जरा बसा.”

“बसायला घरी सोफा आहे, बाळा. तू फेक.”

तिचे चाळीस उरले. पुढच्या वेळी रेषेवर आली की ती संपवणार, हे हॉलमधल्या प्रत्येकाला दिसत होतं. माझे तेहतीस. हातात तीन बाण. मुलगा मागच्या भिंतीला टेकून उभा होता, कामावरून तसाच आलेला.

तेहतीस विषम, त्यामुळे एका डबलनं संपत नाहीत. आधी विषम काहीतरी काढून टाकायचं. राणी हातात उठून बसली. वर बघ, वीस आहे, म्हणाली. मी तिला म्हटलं, खाली बस गो, आज पाटी माझी आहे. आणि मी एक मारला. मुद्दाम, नेम धरून, सगळ्यांत गरीब घरात.

“वन,” माइकवाला म्हणाला. मागं कोणीतरी हळहळलं. त्यांना वाटलं म्हातारीचा हात घसरला. रोडपालीच्या मुलीला मात्र कळलं. तिनं हाताची घडी सोडली.

बत्तीस उरले, म्हणजे सोळाचं डबल. दुसरा बाण पट्टीच्या आत, साध्या सोळात पडला. पण त्या आकड्याची गंमत अशी की सोळा गेले तर सोळाच उरतात, आणि त्यांना लागतं आठाचं डबल, ते अगदी शेजारचं घर. पाय हलवायचे नव्हते. श्वास सोडला आणि तिसरा बाण फेकला. तो तारेला घासून आठाच्या डबलमध्ये बसला.

या वेळी मी वाकले नाही. गुडघे वाकू देईनात, ही वेगळी गोष्ट.

उरलेला निकालही सांगून टाकते. पुढच्या सामन्यात गोव्याच्या बाईनं मला इतक्या लवकर काढलं की नातीचा वडापाव संपायचा होता. मग त्याच बाईनं अंतिम सामनाही जिंकला आणि करंडक नेला. शेवटच्या चौघींत माझं नाव लागलं, मला तेवढंच हवं होतं.

दोन दिवसांनी रंगारी आला, शिडी लावली आणि बोर्डाला हात घातला.

“हा काढू ना?”

“नको. त्याच्या भोवतीनं रंगव,” मुलगा म्हणाला.

“साहेब, ब्रशनं गोल कड राखत बसायचं म्हणजे वेळ जाईल.”

“जाऊ दे.”

मग त्यानं माझ्यासाठी नवी अट काढली. रंग वाळेपर्यंत खेळायचं नाही. मी खुर्ची बोर्डासमोर ओढली, रुमालातले बाण मांडीवर ठेवले आणि जेवणाची वेळ होईपर्यंत तिथंच बसले. मधून मधून उठून भिंतीला बोट लावून बघायची. शेवटी मुलानं स्वयंपाकघरातून विचारलं, “वाळला का गं?”

“कोपऱ्यात वाळलाय,” मी म्हटलं आणि पदर खोचला.