फायनल म्हणजे डोळे

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या गणपतीच्या शेडमधून घरी निघताना सदरा झटकला की पांढरी पूड उडते. ती अंगावर कधी बसली, कुणाला सांगता येत नाही. किस्स्यांचंही तसंच. दिवसभर हात चालू असतात, तोंडं मोकळी असतात, आणि सीझन संपला की कळतं, अरे, हे एवढे साठलेत!

आमची शेड पेणजवळच्या हमरापूरला. मी शाळेत गेलो नाही, त्यामुळे मी बोलतोय आणि सून लिहून घेतेय. पण इंग्रजी शब्द आम्हालाही लागतातच. त्यातला सगळ्यात जास्त झिजलेला म्हणजे ‘फायनल’. रेट फायनल, रंग फायनल, पोरगी फायनल, टेम्पो फायनल. आमच्या शेडमध्ये मात्र त्याचा आणखी एक अर्थ आहे. मूर्तीचे डोळे काढून झाले की मूर्ती फायनल. आमचे मालक विलासशेठ संध्याकाळी विचारतात, “काका, किती फायनल?” म्हणजे आज किती डोळे उघडले.

ते डोळे काढायचं काम माझं. आखणी म्हणतात त्याला. चाळीसेक वर्षं मीच करतोय. आणि यंदा शिमग्यापासून माझा हात थरथरायला लागला. सगळ्या सीझनभर जिवाला एकच घोर होता. गणपती तोंडावर आलेत, मूर्ती ओळीनं उभ्या आहेत, आणि डोळे कोण काढणार?

यंदा हा शब्द कुणी उच्चारला की बाकीचे हसायचे. मीही हसायचो, पण हात मांडीखाली दाबून.

*

विलासशेठ माणूस सोन्यासारखा, पण त्यांचं फायनल फार घाईचं. सकाळी येऊन सांगतील, “पितांबर पिवळा. फायनल.” दुपारी जेवून आले की मूर्तीकडे मान वाकडी करून बघतील आणि म्हणतील, “केशरीच बरा वाटतो. फायनल.”

पितांबराचं काम सुशीलाकडे. अठरा वर्षं ती तेच करतेय. हात एवढा साफ की रंगाचा एक ओघळ खाली येणार नाही. तिनं काय केलं, दोन वाडगे कालवून ठेवले. एकात पिवळा, एकात केशरी. सकाळी एक पुढं घ्यायची, दुपारी दुसरा.

एकदा शेठ भर दुपारी आले आणि म्हणाले, “पिवळाच ठेवा.” रंगवणाऱ्या सगळ्या बाया थांबल्या. असं आधी कधी झालं नव्हतं. सुशीला शांतपणे म्हणाली, “शेठ, अजून जेवला नाय का तुम्ही?”

शेठ खरंच जेवले नव्हते.

*

याच सुशीलाला आखणी शिकायची होती. घरी करवंट्यांवर डोळे काढून बघायची. चुलीपाशी करवंट्यांचा ढीग, आणि प्रत्येक करवंटी आपल्याकडे बघतेय. तिचा नवरा म्हणायचा, सकाळी चहा घ्यायला बसलो तरी चोरी केल्यासारखं वाटतं.

चैत्रात तिनं शेठना धीर करून विचारलं. शेठ चिडले नाहीत, पण म्हणाले की बायकांनी पितांबर, दागिने, उंदीर करावेत. आखणी काकांचीच. गिऱ्हाईक काकांच्या डोळ्यांसाठी येतं. आणि वर तो शब्द लावला, “फायनल.”

मी तिथंच बसलो होतो. हात मांडीखाली. मी बोलायला हवं होतं.

*

एक जोडपं रोह्याहून आलं. घरचा गणपती, दीड फुटाचा. बाईंनी पहिल्याच फळीवरचा एक धरला, “हाच फायनल.” दोन दिवसांनी परत आल्या. बैठक आवडेना. दुसरा फायनल. मग सोंडेचं वळण. मग कानाचा आकार. असे पाच वेळा पॅसेंजरनं रोहा ते पेण आणि पुढं रिक्षानं आमच्याकडे. नवरा प्रत्येक वेळी दारातल्या स्टुलावर बसायचा, टोपी गुडघ्यावर ठेवून.

पाचव्या खेपेला बाईंनी पहिलाच गणपती घेतला.

मला राहवलं नाही. नवऱ्याला विचारलं, तुम्हाला कंटाळा नाय का आला?

“काका,” तो म्हणाला, “मला फायनल करायला हिला चौदा महिने लागले. देवाचा नंबर फार लवकर लागला.”

*

आमच्या मूर्ती रोह्याकडे नेतात हमीदभाई. तेही रोह्याचेच. दोन पोरं दुबईला. पोरं फोनवर सांगतात, अब्बा, टेम्पो विका, आता घरी बसा. हमीदभाई दरवर्षी शेवटची खेप टाकताना दारात उभे राहून सांगायचे, “काका, ही फायनल खेप. पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघा.”

चार वर्षं आम्ही ऐकलं. पाचव्या वर्षी त्यांनी टेम्पो खरंच विकला. शेठना भरून आलं. शेठनी नारळ दिला, शाल घातली, बायांनी टाळ्या वाजवल्या. हमीदभाईंनी डोळे पुसले, मीही पुसले.

पुढच्या आषाढात दारात हॉर्न वाजला. बघतो तर नवा टेम्पो, पहिल्यापेक्षा हातभर लांब, आणि हमीदभाई आत. शेठ कमरेवर हात ठेवून बघत राहिले. हमीदभाई खाली उतरले, मागून ती शाल काढली आणि पहिल्या गणपतीच्या मोदकाच्या हाताला नीट गुंडाळली.

म्हणाले, “शाल चांगली हाय शेठ. धक्का लागत नाय.”

*

माझी पुतणी गागोद्याला असते. तिच्या मुलीला, मनीषाला, पाहुणे बघून गेले. मुलगा कंपनीत परमनंट. जाताना त्याचे वडील म्हणाले, “फायनल काय ते फोनवर कळवतो.”

झालं. घरात सगळ्यांचे प्राण त्या फोनमध्ये. पुतणी फोन पदराला बांधून शेतात वाल उपटायला जायची. रेंज नाही म्हणून तिचा नवरा, आमचा जावई, बांधावर चढून उभा राहायचा. एक आठवडा गेला, दोन गेले. मी गेलो तेव्हा घरात कुणाला घास गोड लागत नव्हता. मनीषा मात्र निवांत भाकरी थापत होती.

तिसऱ्या आठवड्यात जावयानंच फोन केला. तिकडून उत्तर आलं, अहो, तुमच्या मुलीनं त्याच संध्याकाळी फोन करून ‘नाही’ म्हणून सांगितलं की!

पुतणी धावत चुलीपाशी. “मनीषे, आम्हाला सांगितलास का नाय गो?”

मनीषा भाकरी उलटत म्हणाली, “सगळी त्याला इचारत होतात. मला कोणी इचारला?”

त्या दिवशी मी परत येताना एसटीत तिच्या बोलण्याचाच विचार करत होतो. खरं म्हणजे मनीषाचा नव्हे, सुशीलाचा.

*

हाताचं दाखवायला पेणला डॉक्टरकडे गेलो. कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी बोटं पसरायला लावली, पेला धरायला लावला, कागदावर गोल काढायला लावला. गोल कसला, पापडच झाला.

मी म्हटलं, डॉक्टर, फायनल काय ते सांगा. ते म्हणाले, वय झालंय, गोळी देतो, थोडा फरक पडेल. पण बारीक काम आता सोडा. दमलात की थरथर वाढणार.

मी मान डोलावली आणि उठलो. दारापर्यंत गेलो तर मागून हाक आली.

“काका, आमच्या घरच्या गणपतीचे डोळे मात्र तुम्हीच काढा हं. दुसऱ्या कुणाचे आईला चालत नाहीत.”

*

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

रोह्याच्या एका आळीचा गणपती होता, पाच फुटी. सगळं रंगकाम झालेलं, फक्त डोळे बाकी. हमीदभाई टेम्पो लावून बसलेले. आळीतली माणसं तिकडे ढोल घेऊन वाट बघत होती, हमीदभाईंना सारखे फोन येत होते. शेठ रंग आणायला पेणला गेलेले. श्रावण संपत आलेला, आणि फळीवर अजून चाळीस मूर्ती डोळ्यांवाचून.

मी स्टुलावर चढलो. इतर शेडमधले कारागीर आधी दोन्ही डोळ्यांच्या रेघा मारून घेतात. माझी खोड वेगळी. मी एक डोळा पुरा करतो, बुबुळासकट, मगच दुसऱ्याला हात लावतो. उजवा डोळा काढला. चांगला उतरला. गोळीनं काम केलं म्हणायचं. ब्रश बुडवून डाव्याकडे वळलो आणि हात सुटला. रेघ मारायच्या आधीच ब्रशचं टोक हवेत नाचायला लागलं. मी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. तर दोन्ही हात थरथरायला लागले.

खाली उतरलो. एक डोळा उघडा, एक कोरा, असा देव कुणी पाहिला नव्हता. दागिने रंगवणाऱ्या बाया बसल्या जागी सरकून त्याच्या नजरेसमोरून बाजूला झाल्या. हमीदभाई आत डोकावले, तसेच मागं गेले, आणि त्यांनी वाजणारा फोन बंद केला.

मी ब्रश सुशीलापुढं धरला.

ती म्हणाली, “नको काका. शेठनी नाय म्हटलाय.”

“शेठ पेणला हायत,” मी म्हटलं. “देव इथं हाय.”

ती उठली. नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पदर खोचला, स्टुलावर चढली. उजव्या डोळ्याकडे बघत बराच वेळ नुसती उभी राहिली. मग एका दमात वरची रेघ ओढली. मी खाली स्टूल धरून उभा होतो. पापणी, बुबुळ, कोपऱ्यातली लाली. ती खाली उतरली तेव्हा देव आमच्याकडे सरळ बघत होता.

तेवढ्यात शेठ आले. हातात रंगाचे डबे. बघितलं आणि खूष झाले. “वा काका, फायनल झाला की!”

मी म्हटलं, “डावा डोळा सुशीलाचा हाय.”

सगळ्यांचे ब्रश थांबले. शेठनी डबे खाली ठेवले. मूर्तीच्या जवळ गेले, लांब गेले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो लपवला नाही, पुढं धरला. शेठनी हमीदभाईंना मूर्ती चढवायची खूण केली. टेम्पो वळणावर दिसेनासा झाल्यावर फळीवरच्या चाळीस मूर्तींकडे बघून सुशीलाला म्हणाले, “आजच्या दिवस कर. हे फायनल नाय.”

मी तिचा पितांबराचा ब्रश घेतला. रुंद ब्रश. त्याला थरथर चालते.

दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, “आजच्या दिवस.” तिसऱ्या दिवशीही म्हणाले, “आजच्या दिवस.” फळीवरचं काम पुढं सरकत होतं. गिऱ्हाईकं येत होती, मूर्तीसमोर हात जोडत होती, घेऊन जात होती. डॉक्टरांची आई स्वतः आली, गणपतीच्या डोळ्यांत बघून तिनं माझ्या पाया पडल्यासारखं केलं. मी सुशीलाकडे बोट दाखवलं. म्हातारी तिच्याकडे वळली.

चौथ्या दिवशी शेठ सकाळी दारात उभे राहिले. गळा साफ केला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सुशीला, पुढच्या वर्षीपासून आखणी तुझी. सगळी. आता हे एकदम फायनल. काय?”

सुशीलाचा ब्रश पापणीवर टेकलेला होता. तिनं मान वळवली नाही.

“शेठ, जरा गप ऱ्हावा. हात हलंल.”