सगळ्यांना चालणारी गोळी

मुंगीलालने बाटली टेबलावर ठेवली. मला वाटलं, कोरा चहा आहे.

"चाय नाई, डाक्टरसाब. बायकोची लघवी हाय. कालपासून अशीच कायी होऊन राहिली."

साठ सालानंतरची गोष्ट. हिवरखेडच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला माझा सरकारी दवाखाना होता. वरच्या कोरकू आदिवासींच्या गावांत मलेरियाच्या टीमने नुकत्याच नव्या गोळ्या वाटल्या होत्या. जुनी गोळी ताप उतरवायची; नवी तो पुन्हा उलटू देत नसे. गोळी चांगली होती, आजही तेच म्हणेन.

मुंगीलालची बायको सुमरी बाहेर बैलगाडीत पडून होती. डोळे पिवळे, ओठ पांढरेफटक. काही लोकांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. एरवी काही होत नाही, पण असं एखादं औषध पोटात गेलं की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्ष पाहिलं तेव्हाच. ही उणीव आईबापाकडून मुलांत उतरते, हेही मुंगीलालला समजावलं. मलेरियाच्याच जीपमधून सुमरीला अकोल्याला नेलं, रक्त चढवलं. उशीर झाला होता. सुमरी गेली. मागे लहान मुलगी.

तिथूनच मी मलेरियाच्या साहेबांकडे गेलो. साहेब पुण्याचे, माणूस सज्जन.

"सर, या गोळीची ट्रायल कुणावर झाली?" ट्रायल म्हणजे औषध सर्रास वाटण्याआधी थोड्या लोकांना देऊन नीट नजर ठेवणं.

"गिरणी कामगार, धामणगावच्या कापसाच्या जिनातले मजूर. सगळ्यांना उत्तम चालली."

"कोरकू किती होते?"

"एकही नाही. कसे घेणार? भाषा कळत नाही, सुई दिसली की रानात पळतात. फॉलो-अप कोण करणार?"

"गोळ्या मात्र वाटल्या."

"वाटायला काय, भाषा लागत नाही," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, वरच्या गावांत छोटी ट्रायल करा. दुभाष्या न्या, लोकांना विचारा, आधी रक्त तपासा, डोस कमी द्या. साहेबांनी शिफारसही केली. वरून आलं ते सर्क्युलर: कोरकू वस्तीत ही गोळी देऊ नये. रोग रेड्याला, डाग पखालीला. उणीव थोड्यांत असेल, गोळी सगळ्यांचीच गेली.

पुढच्या पावसाळ्यानंतर मुंगीलाल मुलीला पाठुंगळी घेऊन आला. ती तापाने फणफणलेली.

"हिवरखेडचे लोक बरे झाले म्हन्ते. पोरीले थे नवी गोयी द्या."

"त्याच गोळीनं सुमरी गेली, मुंगीलाल."

"मले मालूम हाय. पन पोरीचं रगत मायचं हाय का माह्यं, थे तुमी पाहसान ना?"

पाहायची सोय माझ्याकडे नव्हती. जुनी गोळी दिली. ताप उतरला, पुन्हा उलटला, हिवाळ्यात परत आला. माझी अमरावतीला बदली झाली तेव्हा त्या पोरीची सुजलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, बरगडीखाली हाताला लागत होती. तिला तसंच सोडून आलो, याचं अजून वाईट वाटतं.

ज्यांना ट्रायलमध्ये घेत नाहीत, त्यांच्यावर प्रयोग होत नाही असं नाही. तो होतोच. फक्त त्यांना आधी कुणी विचारत नाही, आणि नंतर त्यातून कुणी काही शिकत नाही.