कडेकडेनं ओतलेलं पाणी

निजामपुऱ्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे मी बाबांना घेऊन बसलो होतो. शेजारी पन्नाशीच्या एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आल्या होत्या. आईसाठी त्या पाणी ओतत होत्या, ग्लास तिरका धरून, कडेकडेनं, जराही आवाज न करता. मी बघतोय म्हटल्यावर ओशाळल्या.

"प्रयोगशाळेतली सवय. पेशींवर वरून धार सोडली तर त्या बशीतून सुटून येतात."

मेंदूच्या पेशी आतला कचरा बाहेर टाकायचं का थांबवतात आणि मग का मरतात, हे त्या वीस वर्षं शोधत होत्या.

"सापडलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"थोडंफार. हिच्या उपयोगाचं नाही."

आईनं पाणी संपवलं आणि लेकीकडे बघून हात जोडले. "बहु सारुं, बेन. भगवान तमारुं भलुं करे."

"तुमच्या आई गुजराती आहेत?"

"छे, गुजरातेत जन्म गेला, तरी आम्ही मराठीच. गुजराती ती फक्त बाहेरच्यांशी बोलते," म्हणाल्या, आणि रिकामा ग्लास तसाच तिरका धरून बसल्या.

हल्ली सकाळी बाबांनी हाक मारली की त्यांना काय हवंय ते मी नंतर ऐकतो. आधी भाषा ऐकतो.