काट्यावर तोललेला सप्लाय

आमच्या घरात वस्तू चांगली की वाईट हे वजनावर ठरतं. मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे बाबांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेला पंप घेऊन कोणी आलं की बाबा आधी पंप उचलून बघतात, मग माणसाला नाव विचारतात. नवी तांब्याची तार किलोवर येते, जळकं तांबं किलोवर जातं, म्हणून हुकाचा एक काटा त्यांच्या पिशवीत कायम असतो. मिक्सर, इस्त्री, पंखा, सगळं त्या हुकाला लटकून मगच आमच्या उंबऱ्याच्या आत आलंय. मला स्थळ आलं तर त्यालाही लटकवतील अशी मला खरोखर धास्ती आहे.

अशा घरात मी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जुळवायला घेतला.

हौस म्हणून नाही. वर्षभर मी एमआयडीसीत पॅकिंगच्या पट्ट्यावर काम करत होते. आठ तास उभं राहायचं, संध्याकाळी पायात गोळे. त्यातच शहापूरला क्लास लावला, किचनच्या ओट्यांची आणि कपाटांची थ्रीडी चित्रं काढायला शिकले आणि नोकरीला रामराम ठोकला. सुपरवायझर दात काढून म्हणाला, "येशील गो परत, जाशील कुठं!" ते दात अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पुढे कल्याणचा एक किचन बनवून देणारा मला घरून काम द्यायला तयार झाला. मशीन माझं हवं आणि सोमवारी अकराच्या आत एका किचनचं चित्र त्याला पोचायला हवं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. नाही पोचलं तर दुसरी मुलगी तयारच होती. म्हणजे माझ्यासाठी पुन्हा तो पट्टा आणि ते दात.

तयार मशीन माझ्या साठवलेल्या पैशांत बसत नव्हतं, सुटे भाग बसत होते. मी चांगली जाडजूड वही केली. कुठला प्रोसेसर कुठल्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये बसतो, ग्राफिक कार्ड किती लांब आणि कॅबिनेटमध्ये जागा किती, सगळं लिहिलं. कोण किती वीज खातो याची बेरीज केली. प्रोसेसर पासष्ट वॉट, कार्ड एकशे सत्तर, बाकी किरकोळ धरून तीनशेच्या आत. म्हणून साडेपाचशे वॉटचा, चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्या भागांना वीज वाटून देणारा डबा, मागवला. आई म्हणाली, "लग्न जुळवताना पण एवढं बघत नाय कोन."

एवढं करून माती खाल्लीच. गुरुवारी सगळं सामान येऊन पडलं आणि मेमरीची पट्टी, म्हणजे रॅम, बोर्डावर बसेना. बोर्ड घेतला होता जुन्या पद्धतीच्या रॅमचा, आणि स्वस्तात मिळते म्हणून उचललेली रॅम होती नव्या पद्धतीची. दोन्हींची खाच वेगळ्या जागी. मी उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली, शेवटी शिव्या घातल्या. बाबा दारात उभे राहून मिशीत हसत होते.

"बेअरिंग आणायला जाताना आमी जुना खिशात घालून नेतो," ते म्हणाले. "वही नाय नेत."

शुक्रवारी ते स्वतः जीपने कल्याणला गेले. माझा बोर्ड पंच्यात गुंडाळून, भाकरीच्या डब्यात घालून, मांडीवर ठेवून. दुकानात रॅम बोर्डावर बसवून बघितली, मगच घेतली. परत आले ते छाती काढून, आणि रॅमच्या घोळानंतर त्यांना काही बोलायला मला तोंडच उरलं नव्हतं. पण त्यांच्या हातात आणखी एक खोकं होतं.

झालं होतं असं, की जाण्याआधी त्यांनी माझा पॉवर सप्लाय उचलून बघितला होता. "हलका हाय," म्हणाले. "आत काय नाय ह्याच्यात." मी समजावलं की हे जुन्या स्टॅबिलायझरसारखं नसतं, आतला ट्रान्सफॉर्मर लहानच असतो. "तांबं नाय, मग काय हवा भरली?" असं म्हणून ते गेले, आणि कल्याणच्या कुठल्याशा दुकानात त्यांनी सगळे सप्लाय एकामागून एक आपल्या काट्याला लटकवले. दुकानदार म्हणे बघतच राहिला. बघणारच! जगात कॉम्प्युटरचा सप्लाय कांद्याबटाट्यासारखा तोलून घेणारा माणूस त्याला पहिल्यांदा भेटला असेल. त्यातला सगळ्यात जड आमच्या घरी आला. वर साडेसातशे वॉट छापलेलं, कंपनीचं नाव मी जन्मात ऐकलेलं नव्हतं.

"ह्योच लावायचा," बाबा म्हणाले. "घरातली वायरिंग माझी, मीटर माझा." वाटेत जीपमध्ये, स्टँडवर, चहाच्या टपरीवर, भेटेल त्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं की पोरीला फसवत होते, मी तोलून आणला. मी भडकले. आमचं चांगलं जुंपलं. आई म्हणाली, दोघंही एकाच मातीचे, आणि मी तणतणत दळण घेऊन गिरणीत निघून गेले.

शनिवारी सकाळी बाबांनी माझ्याकडे न बघताच भाकरी खाल्ली. मग परसात जाऊन, बिघडलेली वीज जमिनीत उतरावी म्हणून असतो तो अर्थिंगचा खड्डा नव्याने उकरला, त्यात मीठ-कोळसा भरला, तार बदलली, आणि आईला बजावलं की तुळशीला घालतेस तसं रोज ह्यालाही तांब्याभर पाणी घालायचं. मला वाटलं, रुसवा असा बाहेर पडतोय. दुकानात निघताना एवढंच म्हणाले, "नव्या वस्तूत पण कचरा असतो गो. लावायच्या आधी साफ करून घे." आला उपदेश, मी मनात म्हटलं.

ते गेल्यावर मी जड सप्लाय समोर घेतला. आत तांबं नाही हे मला सिद्ध करायचं होतं. स्क्रूवरचं स्टिकर आधीच चिरलेलं होतं. वापरलेला माल खपवला मेल्याने, असं म्हणत मी झाकण काढलं. आत काडेपेटीएवढं सर्किट, दोऱ्यासारख्या वायरी आणि बाजूला डिंकाने चिकटवलेला सिमेंटचा ठोकळा. खरंखुरं सिमेंट! स्लॅबला घालतात ते!

मी हसून हसून भिंतीला टेकले. पहिला विचार आला तो म्हणजे ठोकळा उचलायचा, थेट स्टँडमागे जायचं आणि गिऱ्हाइकांसमोर बाबांच्या काट्याला लटकवायचा. रॅमचा सगळा वचपा निघाला असता. चप्पलही घातली होती. पण टपरीवरची माणसं डोळ्यांपुढे आली. त्यांनी बाबांना वर्षभर "सिमेंट कितीला गेलं?" म्हणून छळलं असतं. एवढं काही मला नको होतं.

मग मला एक नामी कल्पना सुचली. कॅबिनेटमध्ये बसवला माझा हलका सप्लाय. सिमेंटचा ठोकळा बाबांच्या जुन्या मोज्यात घातला आणि कॅबिनेटच्या तळाशी, कोणाला दिसणार नाही असा कोपऱ्यात पट्टीने घट्ट आवळला. बोगस सप्लायचं टरफल खोक्यात घालून माळ्यावर फेकलं. आता बाबा उचलतील, वजन लागेल, खूश होतील. माझं काम होईल आणि त्यांची मिशीही शाबूत राहील. स्वतःच्या हुशारीवर मी अशी खूश झाले की काय सांगू.

रविवारी सकाळी, भेंडी लावणाऱ्या शेतकऱ्यांचे पंप सुरू होऊन व्होल्टेज पडायच्या आत, मी मशीन सुरू करायचं ठरवलं. आईने कॅबिनेटला हळदकुंकू लावलं. बाबांनी दोन्ही हातांनी ते उचललं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता शाबासकी येणार म्हणून. पण त्यांचं तोंड उतरलं.

"कुठला लावलास?"

"तुमचाच. जड," मी साळसूदपणे म्हटलं.

"साफ करून घेतलास ना?"

"घेतला की."

त्यांनी एकदा आईकडे बघितलं. "थांब जरा," म्हणाले, आणि पडवीत मेन स्विचपाशी जाऊन उभे राहिले, हात वर करून दांडीवर ठेवून. आता हा काय नवा तमाशा? मला वाटलं, फजिती झाली तर हसायला मोक्याची जागा धरलीय.

मी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा मात्र काळाच. दोन सेकंद, चार सेकंद, आणि खाडकन घरभराची वीज गेली. बाबांनी दांडी पाडली होती.

"काय करताय तुमी!" मी किंचाळले. "चालू होतं सगळं!"

"नको लावू परत. राहू दे ते काम. दुसरं बघू."

दुसरं म्हणजे पट्टा! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी मागची प्रत्येक वायर तपासायला लागले, आणि सापडलं. पडद्याची वायर मी ग्राफिक कार्डात लावायच्या ऐवजी बोर्डात लावली होती. हात मारून घ्यावा कपाळावर असली चूक. वायर बदलली आणि ओरडले, "लावा दांडी!" बऱ्याच वेळाने ती वर गेली. बाबा हात न काढता तिथेच उभे. पडदा उजळला, आणि मी आईला मिठी मारली.

त्यानंतर जेवायलाही मी उठले नाही. सोमवारी साडेदहाला चित्र गेलं. पावणेबाराला कल्याणहून फोन आला की दुसरं किचन पाठवतोय. बाबा त्या दिवशी दुकानातून जिलेबी घेऊन आले, पण सप्लायबद्दल चकार शब्द नाही. मला वाटलं, आपला जड सप्लाय चालतोय म्हणून मनातच खूश आहेत. मी मोज्याकडे बघून अधूनमधून एकटीच हसायचे.

मे महिन्यात मशीन धुळीने भरलं. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर बाबा दुकानातला ब्लोअर घेऊन बसलेले, कॅबिनेटची बाजू उघडी आणि मोजा त्यांच्या हातात. माझं तोंड पडलं. त्यांनी शांतपणे पिशवीतून काटा काढला आणि मोजा हुकाला लटकवला.

"सव्वा किलो," म्हणाले. "माझाच मोजा गो?"

"त्यात सिमेंट हाय, तुमाला कसं कळलं?"

"तू दळायला गेलेलीस ना, तेव्हा खोलला मी. तुला तांबं दाखवायचं होतं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "गावभर सांगून बसलो होतो. जीभच उचलली नाय. वाटलं, साफ करायला सांगतो, तू खोलशील, तुझं तुला कळेल."

"अहो, पण मी नसता खोलला तर? तसाच लावला असता तर? सगळं जळून गेलं असतं!"

"तू म्हणालीस 'तुमचाच', वजन पण लागलं. मला वाटलं, तू खोललाच नाय." मग त्यांनी पडवीकडे मान वळवली. "हात कुठं होता माझा?"

मी मेन स्विचकडे बघितलं. तिथे उभा राहून हा माणूस हसायची वाट बघतोय असं मला वाटलं होतं, आणि तो माझ्या सव्वा किलोच्या गमतीने अर्धमेला झाला होता. इतके महिने मी एकटीच हसत होते. मला इतकी लाज वाटली की मी सरळ रडायला लागले, ओल्या केसांनी, मधोमध उभी राहून.

"रडते कशाला? सोमवारी पण चालला तेव्हाच वळखलं, आत तुझाच हाय. चाललंय ना?" म्हणत बाबांनी हलक्या सप्लायवर ब्लोअर मारला आणि सगळी धूळ माझ्या तोंडावर उडाली. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "दोघांचं झालं असेल तर अर्थिंगला पानी घाला कोन तरी!" मी तांब्या भरून परसात गेले.