सात वेळा टॅब

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — तिने अख्ख्या साताऱ्याला ऐकवलं असतं. तुम्हाला सांगते. हसलात तरी चालेल. मीही हसते, आणि मग — मग मध्येच थांबते.

म्हैसूरला सरस्वतीपुरममध्ये, आमच्या गल्लीच्या टोकाला पेन्शनरांनी चालवलेलं वाचनालय आहे. त्यांच्यासाठी मी पुस्तकांच्या देवघेवीचं ॲप लिहिलं, निव्वळ हौसेनं. काय सांगू त्याचं कौतुक! नोकरीत आम्ही बनवतो ती ॲप्स म्हणजे पोटात अख्खा ब्राउझर कोंबलेली, उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. हे माझं एवढंसं, नऊ एमबीचं. एकदाच लिहायचं, आणि विंडोज असो, मॅक असो, लिनक्स असो — त्या त्या मशीनचीच बटणं आणि खिडक्या घेऊन ते चालणार. वाचनालयातले लिनक्सवाले कॉम्प्युटर जुनाट, पण क्लिक केलं की ॲप हजर! मी तिथेच टाळ्या वाजवल्या.

‘तिन्हीकडे नीट तपासलंय,’ असंही सांगून टाकलं. कुठलं तपासलंय? माझ्या मोठ्या स्क्रीनच्या लॅपटॉपवर — बस्स.

महिन्याभराने गेले, तर भिंतीवर कानडीत कागद चिकटवलेला: पुस्तकाचा नंबर टाका, सात वेळा टॅब, मग एंटर. हे काय नवीन? मग दिसलं. खिडकीची उंची मी पक्की ठरवून टाकली होती, आणि त्यांच्या बुटक्या स्क्रीनवर तळाचं ‘सेव्ह’चं बटण बाहेरच गेलं होतं. टॅब दाबला की निवड एकेक बटण पुढे सरकते; तिथलं सगळं बघणाऱ्या गिरिजम्मांनी तसा टॅब दाबत दाबत, न दिसणारं ते बटण शोधून काढलेलं! “काय युक्ती केलीस, माऊसची कटकटच नको,” सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या. आणि मी — हो म्हणाले. काय अवघड होतं खरं बोलायला? एका ओळीची दुरुस्ती. पण बटण दिसलं असतं, तर माझं ‘नीट तपासलंय’सुद्धा उघडं पडलं असतं ना?

पुढे दोन वर्षं, प्रत्येक नव्या आवृत्तीत, मी मोजून सातच टॅब ठेवले. सहा नाही, आठ नाही. खोटेपणातही केवढा तो काटेकोरपणा!

इथवर तुम्ही हसला असाल. पण सहाव्या टॅबवर ‘रद्द’ होतं.

सकाळी नोंदीच्या टेबलाशी अनंतराव काका बसायचे. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. घरात अजून कानडीत भिजलेली मराठी. काकांची बोटं अधूनमधून सहालाच थांबायची आणि नोंद पुसली जायची. परत आलेलं पुस्तक ॲपमध्ये बाहेरच दिसायचं, लोक कुरकुरायचे. काका आपले हसून न्यायचे. एक दिवस मात्र ते खुर्चीतून उठले. “बेडा मगळे, नको पोरी आता. डोस्कं रिकामं झालं माझं.”

मी समोर उभी होते. सगळं ठाऊक असलेली एकटी मी. आणि काय म्हणाले? “असू दे हो काका, वय झालं की होतंच.”

होतंच! जीभ कशी झडली नाही माझी?

त्याच आठवड्यात मी खिडकी ठीक केली, बटण वर आणलं, काकांना घरून ओढून आणलं. त्यांनी क्लिक केलं. नोंद झाली. पुन्हा केलं. “अय्यो! हे नवीन घातलंस? माझ्यासाठी?”

“हो काका,” मी म्हणाले. “तुमच्यासाठी.”

आता ते रोज सकाळी खुर्चीत असतात. त्यांना तिथे बघून मला इतका आनंद होतो की विचारू नका. नवा सभासद आला की ते बटण दाखवतात, खुशीत सांगतात, “माझं डोस्कं चालत नाही नव्हे, म्हणून या पोरीनं माझ्यासाठी मुद्दाम बसवलं!” मी शेजारी उभी राहून हसते.

बटण पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. काकांचं डोकंही.